राणीचं ताट

त्या वर्षी आमच्या घरात आवाज होते ते वस्तूंचे. चुलीत ओलं लाकूड सुसकारायचं, न्हाणीतल्या हंड्यात थेंब पडायचा, आणि हिंगोलीकडून नांदेडकडं जाणारे ट्रक आखाडा बाळापूरच्या वळणावर गिअर बदलायचे, तो घरघराट भिंतीतून आत यायचा. माणसाचा आवाज नव्हता. माय बोलायची बंद झाली होती, आणि मी एकटी बोलून बोलून किती बोलणार? शाळेतून आले की उंबऱ्यात उभी राहून मी म्हणायचे, "माय, आले गं." मग जरा थांबून, आवाज जाड करून, माझं मीच उत्तर द्यायचे, "आलीस? हातपाय धू." आणि आज्ञाधारक मुलीसारखी न्हाणीत जायचे. माय चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली असायची. माझ्याकडं बघायची, नाही असं नाही. पण रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी पोरीकडं बघावं, तसं ते बघणं होतं.

माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी झालेला भाऊ त्या उन्हाळ्यात गेला. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं, पाळणा गल्लीतल्या मालतीकाकूंच्या घरून मागून आणला होता. त्याला ताप भरला आणि हिंगोलीला न्यायची तयारी होईपर्यंत सगळं संपलं. नाव ठरलेलं होतं, ते फक्त मायला आणि मला ठाऊक होतं. मी ते पुढं कधी कुणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. पाळणा परत गेला. बाया आल्या, रडल्या, आपापल्या घरी गेल्या. माय त्यांच्याबरोबर चारचौघींसारखी रडली होती. सगळ्या गेल्यावर ती गप्प झाली. सुरुवातीला "पाणी", "दिवा", "कडी लाव" असे कामापुरते शब्द तरी यायचे, मग तेही आटले. लोक म्हणायचे, तिनं हाय खाल्ली. आणखी एक गोष्ट लोक म्हणायचे, पण ती मला बघून अर्ध्यात थांबवायचे. मायनं पोटुशी असताना सोमवारचे उपास धरले होते आणि शेवटच्या महिन्यात चक्कर येते म्हणून एका सोमवारी भाकरी खाल्ली होती. गावानं ते लक्षात ठेवलं होतं. मायनंही ठेवलं असावं, कारण आता ती जेवायचीच नाही. मी हातात तुकडा दिला तर चावायची, ताट पुढं ठेवलं तर त्याला शिवायचीही नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. हिंगोली-नांदेड गाडीवर त्यांची ड्युटी असायची आणि रात्री डेपोतच मुक्काम, त्यामुळं साप्ताहिक सुट्टी सोडली तर आमचे बाबा आम्हाला भेटायचे ते गाडीच्या दारात. शाळा सुटल्यावर मी धावत स्टँडवर जायची. गाडी लागली की ते खाली उतरायचे, माझ्या हातात केळी नाहीतर कागदात बांधलेली भजी द्यायचे आणि हळूच विचारायचे, "बोलली का?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग ते लोकांना आत रेटायचे, दार ओढायचे आणि दोनदा घंटी द्यायचे. अजूनही मला कुठं टाळ्या किंवा भाषण संपल्याची सूचना ऐकू आली, की ती दोन टोल्यांची घंटी आठवते. आमच्या घरातल्या बातचितीचा तोच शेवट असायचा.

मी स्वयंपाक शिकले तो अशा घरात, जिथं चुकलं म्हणून सांगायला कुणी नव्हतं. भाकरी थापताना कडेला फाटायची, मग मी पाण्याचं बोट लावून जोडायची. पिठल्यात गाठी व्हायच्या. शेंगदाण्याची चटणी तेवढी चांगली जमायची, कारण खलबत्त्यात राग काढता यायचा. मायच्या हातात तुकडे देऊन झाले की मी उरलेलं तव्यावरच, उभ्यानं खायची. ताट घ्यायचं माझ्या मनातही यायचं नाही. कुणी वाढत नसेल तर ताटाचं काम काय?

ज्या देशात माझं पुढचं सगळं आयुष्य गेलं, तिथं माणसं उभ्यानं, चालताना, गाडी हाकतानाही खातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहान गावातल्या विद्यापीठात मी कादंबरी कशी लिहावी हे शिकवत होते. त्या पोरांसमोर पाव चावत शिरले तरी चालायचं. मी शिकवलं पुष्कळ, लिहिल्या मोजक्या कादंबऱ्या, आणि त्या मनापासून वाचणारी माणसं एका एसटीत मावतील, उभी राहणारी धरून. तरी तिथले लोक मला त्यांची लेखिका म्हणतात. बाळापूरचे लोक म्हणतात, कंडक्टरची पोरगी. दोन्ही बराबर आहे.

आषाढात मामा आला. तो वसमतच्या बाजूला राहायचा, स्वभावानं मायाळू, पण कुठलीही गोष्ट ठरवून मोकळं व्हायची त्याला घाई असायची. बाबांची सुट्टी धरून आला आणि ओट्यावर बसून त्यानं सांगितलं की पोळ्यापर्यंत वाट बघू, तोवर बहीण बोलायला लागली तर ठीक, नाहीतर पोळा झाला की मी तिला घेऊन जातो. तिथं घरात चार बाया आहेत, त्या बोलतील तिच्याशी. बाबांचा एक चुलता शेजारीच बसला होता. तो म्हणाला की तेच बरं, तुझं तरी अजून वय काय झालंय. बाबा खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मी चहाचे कप उचलायला गेले होते. माय गेल्यावर मी कुठं राहायचं, यावर कुणी एक शब्द काढला नाही. विसरले असतील. पण मी तिथं कप घेऊन उभी होते, आणि इतकं विसरता येतं हे मला त्या दिवशी कळलं. माझी माय मला बघत नव्हती ती नव्हती, पण ती गेली तर त्या घरात मी आणि ट्रकचा आवाज, एवढंच उरणार होतं.

श्रावणात मालतीकाकूंकडं पोथी लागायची. त्यांचं किराणा दुकान पुढं, आणि मागच्या बाजूला लांब सोपा. गूळ, सुतळी, ज्वारीची पोती, यांचा वास त्या सोप्यात बारा महिने मुरलेला. दुपारची भांडी झाली की गल्लीतल्या बाया तिथं जमायच्या. पाटावर बसून एकीनं ओवी वाचायची आणि गोदामावशींनी तिचा अर्थ सांगायचा, ही रीत. गोदामावशींना अक्षरओळख नव्हती. पण इतक्या श्रावणांत ऐकून ऐकून पोथी त्यांना तोंडपाठ झाली होती. मांडीवर कापूस घेऊन त्या वाती वळत बसायच्या आणि अर्थ सांगताना पोथीतल्या राजाला खुशाल हिंगोलीच्या बाजाराला धाडायच्या. एकदा राजाची गाडी हुकली होती आणि त्याला कळमनुरीपर्यंत पायी जावं लागलं होतं. बाया खाली मान घालून हसायच्या.

या वाचनाचे नियम होते, आणि ते कुणी मोडत नसे. अध्याय अर्धा सोडायचा नाही. ऐकणाऱ्या बाईनं मध्ये बोलायचं नाही. आणि वाचणारीच्या तोंडून जे निघेल त्याचा अर्थ सांगितलाच पाहिजे. गोदामावशींचं म्हणणं असं की अर्थ न सांगितलेली ओवी उपाशी जाते, आणि उपाशी गेलेली ओवी घराला लागते. त्यांना ताप असला तरी त्या घोंगडी पांघरून येऊन बसायच्या, पण एक ओवी उपाशी जाऊ द्यायच्या नाहीत.

वाचायला मालतीकाकूंची पुतणी असायची. त्या वर्षी तिचं लग्न होऊन ती गेली, आणि शाळेत माझं वाचन बरं म्हणून पाटावर मी आले. मालतीकाकूंनीच सांगितलं की येताना मायला घेऊन ये, देवाचं कानावर पडलं तर बरं वाटेल तिला. मी तिला हात धरून न्यायची. ती ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसायची, सगळ्यांच्या मागं. बाया हात जोडायच्या तेव्हाही तिचे हात मांडीवर तसेच पडलेले असायचे. मी वाचताना मधून मधून तिच्याकडं बघायची. वाचण्यात मला एक सुख सापडलं होतं, ते असं की घरात माझं बोलणं कुठं पोचायचं नाही, आणि इथं मी एक ओळ उच्चारली की दुसरं माणूस लगेच तिचा अर्थ सांगत होतं. इतकं लक्ष देऊन माझं कुणीच ऐकलं नव्हतं. खरं सांगते, पुढं मोठमोठ्या सभागृहांत वाचलं, तिथंही ऐकलं नाही.

एका दुपारी अध्याय संपवताना गोदामावशी म्हणाल्या, "उद्या राणीचं लेकरू जातंय गं बायांनो. पदर कोरडे घेऊन या." सगळ्यांना गोष्ट ठाऊक होती. राणी सोमवारचे उपास धरते. तिचं तान्हं बाळ जातं. ती नदीकाठी त्याला घेऊन बसते, तेव्हा देव येतो आणि म्हणतो, तू एकही उपास चुकवला नाहीस, तुझी भक्ती खरी, घे तुझं लेकरू. बाळ डोळे उघडतं. या अध्यायाला बाया दर वर्षी मनसोक्त रडायच्या आणि लेकरू उठलं की डोळे पुसत पेढा खायच्या. मालतीकाकू त्या दिवसासाठी पेढे मागवूनच ठेवायच्या.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना माझं ध्यान नव्हतं. एकही उपास चुकवला नाहीस. उद्या हे मला वाचायचं होतं, माझ्या तोंडानं, मायच्या समोर. आणि गोदामावशी त्याचा अर्थ सांगणार होत्या, चांगला उलगडून, कुणाच्याही डोक्यात शिरेल असा. मायला घरी ठेवावं म्हटलं तर बाया विचारणार, काहून आणली न्हाई? मी आजारी पडावं तर दुसरी कुणी वाचणार. मला देवाचा राग आला. आमच्या घरी तो आला नव्हता. आला असता तर उपासाचा हिशेब काढून बसला असता का, असं मी मायला मोठ्यानं विचारलं. ती तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली होती.

दुसऱ्या दिवशी सोपा भरलेला होता. पेढ्यांचा पुडा देवापुढं होता. मी लाल कापड सोडलं, पोथीला हात लावून कपाळाला लावला आणि वाचायला लागले. राणीचे उपास वाचले, बाळाचा ताप वाचला. बायांनी पदर काढले. बाळ गेलं तिथं मी मान वर केली. माय पोत्यांना टेकून बसली होती आणि त्या सगळ्या गर्दीत ती एकटीच माझ्याकडं सरळ बघत होती. पुढची ओवी देव येण्याची होती. मी पानावर बोट ठेवलं, बोट पुढं सरकवलं, आणि माझ्या तोंडून आलं ते असं:

राणी बैसली नदीतीरीं । रिता पाळणा घेऊनि शिरीं ।
हाक घाली परोपरी । उत्तर न ये कोठूनी ॥

हे मी आधी रचून ठेवलं होतं का? लोक मला पहिल्या लिखाणाबद्दल विचारतात तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. इतके दिवस ओव्या वाचून जीभ त्या चालीला लागली होती, एवढं खरं. गोदामावशींचा हात वातीवर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून मागं पोत्यांकडं बघितलं. ही ओवी पोथीत नाही हे त्यांच्याइतकं त्या सोप्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मी पानात तोंड खुपसून बसले होते. त्या नुसतं "पोरी, चुकलीस" म्हणाल्या असत्या तरी मी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

पण ओवी उपाशी जाऊ द्यायची नव्हती. गोदामावशींनी घसा साफ केला.

"राणी बसून राहिली नदीवर," त्या म्हणाल्या. "लेकराला हाका मारून राहिली. पर लेकरू काई माघारी आलं न्हाई बायांनो. येत न्हाईत."

कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी कुजबुजलं. आता मला थांबता येणार नव्हतं, कारण अध्याय अर्धा सोडायचा नसतो. मी वाचत गेले, म्हणजे पानं उलटत गेले आणि बोलत गेले. राणीनं एकही उपास चुकवला नव्हता, तरी लेकरू आलं नाही. राणी राजाशी बोलेना, दासींशी बोलेना. चालीत मात्रा कमी पडायच्या, यमकं चुकायची. गोदामावशी प्रत्येक ओवी उचलून नीट पुसून बायांच्या हातात देत होत्या. सगळे उपास धरूनसुद्धा गेलं, म्हणजे त्यात राणीचा काही कसूर नव्हता, असंही त्यांनी एकदा सांगितलं. ते मी वाचलेल्या ओवीत नव्हतं. मग माझं सुचणं संपलं. राणी नदीकाठी बसली होती आणि मला पुढचं काही दिसत नव्हतं. पान पुढं होतं, आणि पानावर देव लेकरू परत देत होता.

तेव्हा मागून आवाज आला. इतका बसलेला, खरखरीत, की आधी मला तो ओळखूच आला नाही.

"मंग ती जेवली का?"

सगळ्या बाया वळल्या. ऐकणारीनं मध्ये बोलायचं नसतं, पण कुणी काही म्हणालं नाही. मायनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, "राणी. कुणी वाढलं का तिला? का उपाशीच बसून राहिली?"

गोदामावशींनी वातींचा कापूस बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "वाच की पोरी. बाई इचारून राहिली ना."

मी वाचलं. काय वाचलं ते आता आठवत नाही, त्या ओव्यांना चाल नव्हती, नुसती वाक्यं होती. त्या नदीकाठच्या गावातली एक पोरगी आली. तिनं घरून भाकरी आणली होती. तिनं राणीपुढं ताट ठेवलं. आणि गोदामावशींनी अर्थ सांगितला की ज्वारीची भाकर होती, वर पिठलं होतं, पोरीच्या हातचं होतं म्हणून गाठी झालेल्या, पर राणीनं गाठी न बघता खाल्लं. तिथं मी अध्याय संपवला. माय रडत होती. तोंडाला पदर न लावता, सरळ बसून. तिच्या शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला होता, आणि मायनं तो ओढून घेतला नव्हता.

मालतीकाकूंनी सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला. बाया गेल्यावर पोथी उघडून पान बघितलं. त्या वाईट बाई नव्हत्या, पण पोथी त्यांच्या घरची होती आणि मोडलेला अध्याय त्यांच्या घरात राहणार होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा अध्याय पुन्हा वाचावा लागेल, आणि उद्यापासून मास्तरांची बायको वाचेल. मी पाट उचलून भिंतीला लावला. घरी येताना गोदामावशी वळणापर्यंत आमच्याबरोबर होत्या. वेगळं होताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "आधी सांगून बदलत जा गं. मला अर्थ जुळवायला लई तकलीफ झाली."

त्या संध्याकाळी मायनं चूल पेटवली. मी करते म्हटलं तर हातानं मागं सारलं. पीठ मळताना तिच्या हातांना आधी नीट जमेना, मग जमलं. तिनं फळीवरून दोन ताटं काढली, धुतली, वाढली आणि म्हणाली, "बस." तो एकच शब्द होता. माझं ताट घेऊन बसायची सवय इतकी मोडली होती की भाकरी कुठल्या बाजूला मोडावी हे मला सुचेना. मला वाटलं, संपलं, आता सगळं मिळालं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाबांनी विचारायच्या आत मी ओरडून सांगितलं. बाबा दारातच उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तरी त्यांना घंटी द्यायचं भान नव्हतं, शेवटी एका प्रवाशानंच दोरी ओढली.

पुढचे दिवस माय थोडं थोडं बोलायची. दुपारी पोथीला ती गेली नाही, मलाच म्हणायची, तुझी राणी सांग. मी चुलीपाशी बसून सांगायची. राणी बाजाराला गेली, राणीनं शेळी घेतली, राणी एकदा चुकून हसली. माझ्या अख्ख्या बालपणातला तो सगळ्यात चांगला काळ, आणि तो पोळ्यापर्यंतच टिकला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं मामा आला. बाबाही आले होते. मायनं स्वतः चहा केला, मामाची विचारपूस केली. मामाचे डोळे भरले. मग ती म्हणाली की ती कुठं येणार नाही, तिचं घर इथं आहे. मी दाराआड उड्या मारायच्या बेतात होते. तेवढ्यात ती बाबांना म्हणाली, "हिला हिंगोलीला ठेवा. तिथं पोरींचं वसतिगृह हाय म्हणतात. शिकू द्या तिला."

मी बाहेर आले आणि मी जाणार नाही म्हणून सांगितलं. मी तिच्यासाठी काय केलं होतं तेही बोलून दाखवलं, सगळ्यांसमोर. बाबांनी गप्प बस म्हटलं. मायनं मला जवळ ओढलं नाही. जिथं बसली होती तिथूनच बोलली.

"म्या बोलावं म्हून तू पोथी बदलली," ती म्हणाली. "उद्या म्या पुन्यांदा गप झाले तर अजून काय काय बदलशील? लेकरानं मायची माय होऊ न्हाई. तू जाय."

मला त्यातलं काही कळलं नाही. मला एवढंच कळलं की मी तिला परत आणलं, आणि तिनं परत आल्यावर पहिलं काम मला लांब करायचं केलं. बाबांच्याच गाडीनं मी गेले. त्यांनी रीतसर माझं अर्धं तिकीट फाडलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून थैलीत टाकले. मायनं फडक्यात धपाटे बांधून दिले होते. स्टँडवर ती खिडकीखाली उभी राहिली. मग दोनदा घंटी झाली. वसतिगृहातल्या पहिल्या संध्याकाळी मी ते धपाटे उभ्यानं खाल्ले.

तिथून मी लांबच जात राहिले. हिंगोली, मग औरंगाबाद, मग समुद्रापलीकडचं ते मक्याचं गाव. लग्न केलं नाही. करावंसं वाटलं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा मी एका कादंबरीच्या मध्यात होते. हे मी विनोदानं सांगत आले, लोक हसतात, मीही हसते. विद्यार्थी घरी यायचे, त्यांची पानं पसरायचे, जाताना दार हळू लावून घ्यायचे. हिवाळ्यात तिथं बर्फ पडलं की सगळा आवाज मुरून जातो. अशा वेळी कितीतरी वर्षं मी दार उघडून आत आल्यावर मराठीत म्हणत आले आहे, "माय, आले गं." उत्तरही देते.

पहिली कादंबरी छापून झाली तेव्हा मी गावी गेले होते. बाबा तेव्हा नव्हते. रस्ता रुंद झाला होता आणि ट्रक आता गिअर न बदलताच निघून जात होते. मायनं पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं, मागचा माझा फोटो बघून बारीक झालीस म्हणाली आणि पुस्तक परत देऊन म्हणाली, सांग. मग ओट्यावर बसून मी तिला अख्खी कादंबरी सांगितली, मराठीतून, तिला कळेल अशी. परक्या देशात राहिलेल्या एका बाईची गोष्ट होती. माय हरभऱ्याचे घाटे सोलत ऐकत होती. मी शेवटावर आले. बाहेर बर्फ पडतंय आणि ती बाई त्या घरात दिवा न लावता बसून राहते. त्या शेवटाचं तिकडं बरंच कौतुक झालं होतं.

"मंग?" माय म्हणाली.

"मग काही नाही. तिथं संपते."

"जेवली का ती?"

मी म्हटलं की तसं काही त्यात नाही, कादंबरी तिथंच संपते.

मायनं घाट्यांचं सूप बाजूला सारलं. "अशी कशी संपती? अर्धा अध्याय सोडून उठत असतेत का?" ती म्हणाली. "तिला आधी जेवू घाल, अन् मंग संपव. दुसरं कोण वाढणार हाय तिला? तूच लिहून राहिली ना?"

पुस्तक छापून झालं होतं, त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. पण त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक कादंबरीत शेवटच्या पानाच्या आत कुणीतरी कुणाला तरी वाढतं. एका विद्यार्थ्यानं याच्यावर प्रबंध लिहिला आणि त्यात भुकेचे पुष्कळ खोल अर्थ काढले. गोदामावशींची आठवण आली मला तो वाचताना. त्यांचे अर्थ सोपे होते.

माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले. आज बाहेर बर्फ आहे, रस्त्यावर गाडी नाही, आणि हे प्रकरण मी सकाळपासून लिहिते आहे. ओट्यावरच्या त्या दुपारपाशी येऊन मी थांबले होते, आणि खरं तर तिथंच संपवणार होते. मग उठले. ज्वारीचं पीठ इथं मिळतं, महाग असतं, पण मिळतं. भाकरी केली, कडेला फाटली, पाण्याचं बोट लावून जोडली. पिठल्यात गाठी झाल्या. ताट काढलं, धुतलं, वाढून घेतलं आणि टेबलापाशी नीट बसले.

जेवले गं, माय.